नातीच्या कानापुढचं भोक

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून पूर्ण वाकत नाही, त्यामुळे आठांपैकी सहा-सात अंगांचाच समज. उरलेलं भेटीत.) तुझी तब्येत कशी आहे? दाताचं काय झालं? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की तो काढायचा की ठेवायचा हे दाताचे डॉक्टर नव्हे, तू ठरवणार आहेस. तेव्हा तो बिचारा (दात म्हणतोय मी, पण डॉक्टरांनाही लागू पडेल) अजून जागेवर आहे का ते कळव. आम्ही सगळे बरे. दुकान बरं. तुझी भाचेसून बरी, आणि सकाळी मी निघताना तिने बजावलं आहे की आत्यांना पत्र लिहिणार असाल तर पहिल्या ओळीत बाळाचं लिहा, नाहीतर तुम्ही चार पानं स्वतःच्याच गुडघ्याबद्दल लिहाल. पहिली ओळ तर संपली. तरी लिहितो: बाळ छान आहे, दूध पितं, झोपतं, आणि रडताना घरातल्या कुणासारखंही दिसत नाही, ते एका परीने बरंच आहे.

बाळ झाल्याचं तुला फोनवर कळवलंच होतं. वजन किती, रंग कसा, नाक कुणाचं, हे तू विचारलंस आणि मी सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही, कारण फोन करताना विहीणबाई शेजारच्याच खुर्चीत होत्या, आणि त्यांच्यासमोर ती गोष्ट काढायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून भांडण. (भांडण हा शब्द जरा मोठा झाला. आमच्यात भांडण होत नाही. आम्ही एकमेकांना चहा विचारतो, फक्त ज्या आवाजात विचारतो त्यावरून शेजाऱ्यांना सगळं कळतं.) आज दुपारी दुकानात कुणी नाही, समोरच्या रस्त्यावर पाइप टाकायचं काम चाललं आहे, चष्मा घ्यायला खड्डा ओलांडून येईल असा माणूस या गावात नाही. म्हणून निवांत लिहितो. गोष्ट कानाची आहे.

बाळाच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी दुकानातून तसाच हॉस्पिटलात गेलो. खोलीत लेक पलंगावर, जावईबापू खिडकीशी, आणि दोन्ही आज्या पाळण्याच्या दोन बाजूंना, कुस्तीच्या पंचांसारख्या. मी बाळाला घेतलं, खोलीतल्या खोलीत थोडं मिरवलं आणि विहीणबाईंकडे दिलं. त्यांनी टोपी सरळ करायला हात लावला आणि त्या थांबल्या. मग टोपी काढली, बाळाला खिडकीच्या उजेडात नेलं आणि अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "हिला कुणीतरी टोचलंय."

आम्ही सगळे वाकलो. उजव्या कानाची वरची कड जिथे गालाकडे येऊन संपते, बरोबर त्या जागी टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. रक्त नाही, लाली नाही, सूज नाही. डाव्या कानापुढे तसलं काही नाही. पहिला संशय नर्सवर गेला. विहीणबाईंनी तिला बोलावून विचारलं की कान टोचायचाच होता तर पाळीत टोचायचा, हे इथे कुठे टोचलंत, आणि कुणाला विचारून? नर्स म्हणाली, "आम्ही इथे कुणाचे कान टोचत नाही." (वाक्य साधंच होतं, पण आमचे टोचले गेले.) ते जन्मापासूनच आहे, डॉक्टरांनी काल तपासताना पाहून लिहून ठेवलं आहे, काळजीचं कारण सहसा नसतं, पुढच्या आठवड्यात दाखवायला याल तेव्हा त्या समजावून सांगतील, एवढं सांगून ती दुसऱ्या खोलीत गेली. पण "जन्मापासून" हा शब्द विहीणबाईंना पटेना. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि माझ्या शर्टाच्या खिशावर येऊन थांबली. आता तुला माहीत आहे, माझ्या खिशाला चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक स्क्रूड्रायव्हर कायम अडकवलेला असतो. त्यांनी स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं, मग भोकाकडे पाहिलं, मग पुन्हा स्क्रूड्रायव्हरकडे.  आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. आत्या, त्या दिवशी दुपारपर्यंत मी माझ्याच नातीच्या प्रकरणातला संशयित होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुझ्या भाचेसुनेनेही मला बाजूला घेऊन विचारलं, "खाली वाकताना नाही ना लागला?"

मला सोडवलं जावईबापूंनी. ते पुलांच्या मजबुतीचा हिशेब करतात हे तुला ठाऊक आहेच. कुठलीही गोष्ट नीट वाचली की सुटते असा त्यांचा विश्वास आहे, आणि त्यांचं वाचन फोनवर होतं. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी वाचलं आणि जाहीर केलं की अशी भोकं पुष्कळांना असतात, घराण्यातून येतात, आणि काही लोकांच्या मते आपले पूर्वज मासे होते तेव्हाच्या कल्ल्यांची ती उरलेली खूण आहे. यातलं "पुष्कळांना असतात" हे कुणी ऐकलंच नाही. "मासे" आणि "घराण्यातून" हे दोनच शब्द सगळ्यांनी उचलले. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही नाही." तुझी भाचेसून म्हणाली, "आमच्याकडेही नाही." त्यानंतर दोघींनी एकमेकींना चहा विचारला.

इथवर सगळी गंमतच होती. त्याच दिवशी संध्याकाळी बाळाची कानाची तपासणी झाली. ती म्हणे आता सगळ्याच बाळांची करतात, भोक असो वा नसो. एक मुलगी छोटं यंत्र घेऊन आली. बाळ झोपलेलं होतं. तिने मऊ रबरी टोक आधी डाव्या कानात ठेवलं आणि आम्हाला गप्प राहायला सांगितलं. मला राहवेना. तिचं काम झाल्यावर विचारलं की हे बाळ तर झोपलं आहे, ऐकू आलं की नाही हे ते सांगणार कसं? तर ती म्हणाली, "बाळ नाही सांगत, कान सांगतो." मग तिने समजावलं ते तुला सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. यंत्र कानात बारीक टिकटिक आवाज सोडतं. आतला कान चांगला असेल तर तो त्या आवाजाला उत्तर म्हणून स्वतः एक आवाज काढतो, इतका हलका की माणसाला ऐकू येत नाही, पण यंत्राला येतो. म्हणजे आत्या, कान नुसते ऐकत नाहीत, बोलतातही. तुझे, माझे, सगळ्यांचे. पस्तीस वर्षं मी लोकांच्या कानांवर चष्मे टेकवतो आहे आणि कान म्हणजे काडी अडकवायची खुंटी एवढीच माझी समजूत होती.

डावा कान बोलला. उजवा बोलला नाही. पडद्यावर "पुन्हा तपासा" असं आलं. त्या मुलीने टोक पुसलं, परत लावलं, परत तेच. ती म्हणाली की नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या कानात पुष्कळदा ओल किंवा जन्मताना अंगावर असते ती पांढरी साय राहिलेली असते, त्यामुळे असं होतं, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बघू, तोवर यावरून काही ठरवू नका. सांगताना ती अगदी सहज सांगत होती. पण भोक उजव्या कानापुढे होतं आणि न बोललेला कानही उजवाच होता, आणि हा हिशेब करायला पुलांचा इंजिनियर लागत नाही.  लेकीने बाळाला उचलून घेतलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली.

घरी आल्यावर आम्ही यावरून काही ठरवायचं नाही असं ठरवलं, आणि लगेच आपापल्या परीने ठरवायला लागलो. विहीणबाईंनी बाळाच्या उजव्या बाजूला पातेल्यावर झाकण आपटलं. बाळ झोपलेलंच. जावईबापूंनी फोनवरून चढत्या सुरांच्या शिट्ट्या वाजवल्या, त्याने खालच्या मजल्यावरचा कुत्रा उठला, बाळ नाही. तुझ्या भाचेसुनेने दार आपटलं, तेही मुद्दाम नाही, रागाने (कारण पातेलं तिचं होतं). बाळ गाढ झोपेत. त्या वेळी सगळ्यांचे चेहरे बघायला नको होतं. आणि मग मी स्वयंपाकघरात चोरून बिस्किटाच्या पुड्याचा कागद फाडला तर बाळ टक्क जागं. त्यावरून दोन तास वाद झाला: कागदाचा आवाज कुठल्या बाजूने गेला, डावीकडून की उजवीकडून, आणि मुळात मी बिस्किटं का खात होतो. लेक मात्र या वादात नव्हती. माझ्या लक्षात आलं की ती बाळाशी बोलते ते नेहमी डाव्या बाजूने. कूस बदलली तरी बाळाचं डोकं फिरवून डावा कान स्वतःकडे घेते. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी तिला शिकवलंही नव्हतं. मी पाहिलं आणि बिस्किटाचा पुडा परत डब्यात ठेवला.

दुकानात गेलो तरी डोक्यात तेच. चष्मा लावून बघताना गिऱ्हाईक आरशात बघतं. आधी मीही आरशातच बघायचो. आता मी कान बघायला लागलो. आत्या, माणसाच्या कानाइतकी कुणी न बघितलेली गोष्ट नसेल. एका वकीलबाईंचा डावा कान उजव्यापेक्षा बोटाच्या पेराएवढा वर आहे. त्यांचा चष्मा नेहमी तिरका बसतो म्हणून दर महिन्याला त्या येतात, मी दर महिन्याला काडी वाकवतो, त्या मला दोष देतात आणि मी कंपनीला. एका कारकुनाच्या कानापुढे तांदळाएवढा मांसाचा दाणा आहे. त्याला वाटत होतं की तो चष्म्याच्या काडीने घासून झाला, तर त्याच्यासोबत आलेल्या म्हाताऱ्या आईने सांगितलं, "जन्मताच होता. दोरा बांधून पाडणार होते, पण तू फार रडलास." (हे मी पुढे डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या दोरा कधीच बांधायचा नाही, आत कूर्चा, म्हणजे कानातलं मऊ हाड, असू शकते, काढायचाच तर नीट शस्त्रक्रियेने काढायचा. तेव्हा तो रडला ते बरंच झालं.) आणि बस चालवणाऱ्या एक बाई आल्या, जवळचा नंबर काढायला, त्यांच्या दोन्ही कानांपुढे अगदी आमच्या बाळासारखी भोकं. मला एवढा आनंद झाला की मी खुर्चीच ओढून बसलो. त्यांनी सांगितलं की त्यांच्या आईला होती, मावशीला होती, सगळ्यांना ठणठणीत ऐकू येतं. लहानपणी एकदा तिथे सुजून पू झाला होता, तेव्हापासून कुणाला हात लावू देत नाही. "मागून कुणी हॉर्न दिला तर कुठल्या गाडीचा ते सांगते मी," असं म्हणाल्या. मी त्यांना काचा पुसायचं कापड फुकट दिलं.

सगळे मात्र असे नव्हते. एक निवृत्त फौजदार नवी फ्रेम लावून बघत होते आणि मी त्यांच्या उजव्या कानावर वाकलो होतो. जरा जास्तच वेळ वाकलो असेन. ते आरशातून म्हणाले, "काय शोधताय?" मला दुसरं काही सुचेना, मी म्हणालो, "नात झालीय मला." ते म्हणाले, "ती तिथे नाही." आणि फ्रेम ठेवून गेले.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे जायचा दिवस उगवला. आम्ही सहाही जण गेलो, बाळ धरून. दोन खुर्च्या होत्या. एकीवर लेक बसली, दुसरीवर कुणी बसायचं हे दोन्ही आज्यांमध्ये न ठरल्याने ती रिकामीच राहिली. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बाळाचे दोन्ही कान पाहिले, मागून पुढून, मग हनुवटी, टाळू, मानेच्या दोन्ही बाजू बोटाने चाचपल्या, बोटं मोजली, पाठ पाहिली. मला वाटलं भोकाचं सोडून या सगळं काही बघत आहेत. मग त्या म्हणाल्या की कान पोटात घडताना सहा छोट्या उंचवट्यांचा मिळून घडतो, ते एकमेकांना चिकटताना मध्ये कधी एखादी फट राहते, ती म्हणजे हे भोक. जावईबापूंनी कल्ल्यांचं काढलं. त्या म्हणाल्या, "मासे लोकांना फार आवडतात. पण हे इथलंच काम आहे, कानाचं." असं भोक एकटं असेल, बाकी बाळ नीट असेल आणि ऐकू येत असेल, तर त्याचं काही करायचं नाही. दाबायचं नाही, काडी घालायची नाही, तेल सोडायचं नाही. लाल झालं, सुजलं, पाणी आलं तर दाखवायचं. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. विहीणबाईंनी विचारलं, "मग तुम्ही मान का बघितलीत?"

मला तो प्रश्न आवडला, आत्या. मनातल्या मनात मी विहीणबाईंना चहा विचारला, खरा. डॉक्टरीणबाईंनाही आवडला असावा, कारण त्या पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकल्या. त्या म्हणाल्या की फार थोड्या घराण्यांत असं असतं की कानापुढचं भोक, कमी ऐकू येणं, मानेत बारीक छिद्र किंवा गाठ, आणि मूत्रपिंडाचा दोष, हे सगळं एकत्र येतं. म्हणून एका छोट्या भोकावरून घाबरायचं नाही, पण त्याच्या आजूबाजूला नजर टाकायची. बाळाची मान चांगली आहे. उजव्या कानाचं पुढच्या तपासणीत कळेल. "आता घरातलं सांगा. लहानपणापासून कुणाला कमी ऐकू येतं?"

विहीणबाईंनी सांगितलं की त्यांच्याकडे सगळ्यांना येतं. (तसं सांगताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं.) मी म्हणालो की माझ्या वडिलांना कमी ऐकू यायचं, पण ते जन्माचं नव्हे, ते छापखान्यात कामाला होते, यंत्रांच्या आवाजाने कान गेले.

"छापखान्यात लागायच्या आधी नीट ऐकू येत होतं?"

 आत्या, मी दादांना ओळखतो तेव्हापासून ते छापखान्यातच होते. आमच्या घरात सगळे म्हणायचे की यंत्राने कान नेले, मीही जन्मभर तेच म्हणत आलो. त्याआधी काय होतं हे विचारायचं कधी मनातच आलं नाही. मी म्हणालो, "माहीत नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं. तुमचे कान दाखवा." मी डोकं पुढे केलं. "चष्मा काढा, आजोबा." (आजोबा होऊन मला जेमतेम दहा दिवस झाले होते. त्या एवढ्या सहज म्हणाल्या की मी मागे वळून पाहिलं.) चष्मा काढला. त्यांनी माझं उजवं कानशील बोटाने ताणलं, दिवा जवळ आणला आणि लेकीला म्हणाल्या, "ये, बघ."

होतं, आत्या. बरोबर तिथेच. तिसरीपासून चष्मा वापरतो आहे, काडी बरोबर त्या जागेवरून जाते, त्यामुळे ते कायम झाकलेलं. आठवडाभर गावातल्या फौजदारापर्यंत सगळ्यांचे कान हुडकले आणि स्वतःचा राहिला, कारण स्वतःचा कान बघायला चष्मा काढावा लागतो आणि चष्मा काढला की मला आरसासुद्धा दिसत नाही. सगळे रांगेने येऊन बघून गेले. जावईबापूंनी फोटो काढला. विहीणबाईंनी अगदी निरखून पाहिलं आणि एक शब्दही बोलल्या नाहीत, एवढ्या मोठ्या मनाच्या त्या असतील असं मला वाटलं नव्हतं. तुझी भाचेसून शेवटी आली, तिने बघितलं आणि म्हणाली, "हे होय? हे तर लग्नापासून आहे."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

"मला वाटलं चष्म्याच्या काडीने पडलंय. तुमचाच धंदा, तुम्हाला माहीत असेल."

डॉक्टरीणबाईंनी माझीही मान चाचपली. कॉलरचं बटण काढून, सगळ्यांसमोर, मी आजोबा. मान चांगली निघाली. मग त्यांनी सांगितलं की एरवी एवढ्याने त्या मूत्रपिंडाची सोनोग्राफी करायला सांगत नाहीत, पण उजव्या कानाचा निकाल अजून लागायचा आहे आणि पणजोबांच्या कानाचं नक्की माहीत नाही, तेव्हा करून टाकू, बाळाला त्रास काही नसतो. ती आम्ही दुसऱ्या दिवशी केली. पडद्यावर काळंपांढरं धुकं होतं. जावईबापू प्रत्येक डागाकडे बोट दाखवून "हे का मूत्रपिंड?" असं विचारत होते आणि तिथला माणूस "ते यकृत", "ती तुमच्या बोटाची सावली" असं सांगत होता. शेवटी त्याने स्वतःच दाखवलं, एक इकडे, एक तिकडे, घेवड्याच्या दाण्यासारखी दोन, जागच्या जागी. लेक हसली. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा.

आता उरला उजवा कान. त्याची तपासणी उद्या सकाळी आहे. खरं सांगायचं तर आज रस्त्यावर खड्डा नसता तरी मी दुकानात काही काम केलं नसतं. चष्म्याचे स्क्रू हातातून निसटतात. सकाळपासून मी दहा वेळा चष्मा काढून ते भोक बोटाने चाचपलं (दाबलं नाही, नुसतं चाचपलं). ते माझ्याकडे आहे आणि मला ऐकू येतं, म्हणजे तिलाही येईल, असं मी स्वतःला सांगतो. ते दादांकडे होतं की नाही, मला माहीत नाही. एवढं लिहून थांबतो. जास्त लिहिलं तर पाकिटाला दोन तिकिटं लागतील. दाताला माझा नमस्कार सांग, असेल तर.

तुझा भाचा

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं ते बरंच झालं. तपासणी होऊन आलो. तीच मुलगी, तेच यंत्र. बाळ मात्र जागं होतं, त्यामुळे ते झोपेपर्यंत आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर श्वास रोखून बसलो होतो, विहीणबाई आणि तुझी भाचेसून एकाच शालीत. उजवा कान बोलला, आत्या. पहिल्याच टिकटिकीला बोलला. दोन्ही कान सारखे. त्या मुलीने सांगितलं की त्या वेळी आत साय असणार, ती निघून गेली. त्या भोकाचा आणि त्या साईचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, दोन्ही उजवीकडे होती एवढंच. म्हणजे वरची सगळी पानं तू वाचली नाहीस तरी चालेल. मी पहिल्या पानावर तसं लिहिणार होतो, पण तिथे जागा नव्हती. लेक घरी येताना गाडीत बाळाच्या उजव्या कानाशी काहीतरी बोलत होती. काय ते मला ऐकू आलं नाही, रस्त्यावर आवाज फार होता.

आणखी एक ता. क. विहीणबाईंनी आजच जाहीर केलं की त्यांच्या धाकट्या भावाच्या कानापुढेही तसंच आहे, त्यांना आता आठवलं. मी म्हणालो, फोटो मागवा. मागवला. खळी आहे नुसती, भोक नाही. पण जन्मभर काही होत नाही असं कळल्यापासून त्यांना ते त्यांच्याकडून आलेलं हवं आहे. मी देणार नाही.

शेवटचा ता. क. हे आता लिहितो, कारण पहिल्या पानावर लिहायची छाती झाली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बाळाचं ऐकणं वर्षातून एकदा तपासत राहू, आणि घरातलं जेवढं कळेल तेवढं कळवा. तेव्हा, आत्या, केस मागे घेऊन तुझ्या दोन्ही कानांचा एकेक फोटो पाठव, बाजूने, खिडकीजवळ उभी राहून. ज्या बाईने सव्वीस वर्षं आख्खी शाळा कान धरून सरळ केली तिच्याकडे तिचाच कान मागतो आहे, याची मला जाणीव आहे. आणि दादांचं सांग. तू त्यांच्याहून मोठी, त्यांना कडेवर घेऊन फिरलेली. त्यांच्या कानापुढे काही होतं का, हे तुला आठवत नसेल, ते राहू दे. एवढंच सांग, आणि हे डॉक्टरांसाठी नाही, मलाच विचारायचं आहे: छापखाना वगैरे काही नव्हतं तेव्हा, अंगणात खेळताना तू मागून हाक मारलीस, तर ते वळायचे का?